चिरमेलची नाव जेवायला येते

३० जुलै, रविवार

चप्पल काढायच्या आधीच लेखानं बॉम्ब टाकला. "अम्मा, मी वळ्ळसद्येचा नवस बोलल्येय. वीस ऑगस्ट. दिवस ठरला, नाव ठरली. आता तू नाही म्हणू नकोस."

ही माझी मुलगी. दोह्याला नऊ वर्षं काढली, मोठ्या इस्पितळात नोकरी करते, सातवा महिना लागलाय — आणि बोलते काय, तर नावेला जेवण! शंभर दांडगे वल्हवत यायचे, देवळाच्या जेवणघरात मांड्या ठोकून बसायचे, गाऊन गाऊन एकेक पदार्थ मागायचे, आणि आपण कशालाही नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर नवस फुकट. का, तर त्या दिवशी नावेतून खुद्द देव जेवायला येतो. देवाला ढेकर देताना मी पुष्कळदा पाहिलंय.

"कुठली नाव?" मी विचारलं.

"आपलीच. चिरमेलची."

मी आत गेले आणि कुकर लावला. जावई मागोमाग आला. सजीशला नेहमी वाटतं, सासूला समजावणं हे त्याचं खास काम आहे. "अम्मा, लेखाचं मन राखायला हवं हो. या दिवसांत ताण नको." याच्या आवाजानंच मला ताण येतो.

३१ जुलै, सोमवार

सजीशनं उडता कॅमेरा आणलाय. अंगणात उडवला. नारळात अडकला. छान!

२ ऑगस्ट, बुधवार

कैमळ येऊन गेला. भार्गवन कैमळ, आमच्या करयोगमचा, म्हणजे गावकीचा, अध्यक्ष. गावाची नाव, नावेचं व्रत, नावेवर कोणी चढायचं, कोणी नाही — सगळं या करयोगमच्या हाती. दहावीत या कैमळला पंबा नदी कुठल्या डोंगरातून निघते ते लिहिता आलं नव्हतं. 'समुद्रातून' असं लिहिलं होतं. आता तिच्यावरच्या नावेचा मालक असल्यासारखा मिशीला पीळ देत फिरतो.

चहा पीत त्यानं नियम ऐकवले. आठवडाभर वल्हेकऱ्यांना मासे-मटण बंद, दारू बंद. यजमानांनी आदल्या दिवसापासून व्रत धरायचं. घाटावर नाव लागली की समईनं ओवाळायचं, पण नावेला हात लावायचा नाही. बाईचा स्पर्श झाला तर नाव बाटते म्हणे! जिनं या सगळ्यांना जन्माला घातलं तिचा हात चालत नाही, आणि यांचे चिखलाचे पाय चालतात. बोलून उपयोग असता तर चौतीस वर्षं भूगोल शिकवल्यावर काहीतरी फरक दिसला असता.

मग तो पंख्याकडे बघत म्हणाला, "टीचर, एक अडचण आहे. आमच्या मुख्य गाणाऱ्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. जेवणात मागण्याचे श्लोक सगळेच्या सगळे पाठ असलेला गावात आता एकच माणूस उरलाय."

कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"बंदी करयोगमनं घातली होती खरी," तो म्हणाला, "पण साक्ष तुमची होती. तुमची हरकत नसेल तर एका दिवसापुरती सूट देता येईल. फक्त एका दिवसापुरती हां!"

"तुमची नाव, तुमचे गवई," मी म्हटलं, "मला कशाला विचारता?"

याचा अर्थ त्यानं हो असा घेतला. दहावीतही तो प्रश्न असाच वाचायचा.

३ ऑगस्ट, गुरुवार

लिहूनच ठेवते एकदाचं.

एकवीस वर्षांपूर्वी उत्रट्टाती नक्षत्राच्या दिवशीच्या शर्यतीला निघालेली चिरमेलची नाव सपाट पाण्यात उलटली. नव्वद जण पाण्यात पडले. एकोणनव्वद वर आले. दामोदरन, माझा नवरा, आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. लेखा तेरा वर्षांची होती.

सोळाव्या दिवसाचं कार्य झाल्यावर करयोगम बसलं. सपाट पाण्यात देवाची नाव उलटते ती कुणीतरी व्रत मोडलं म्हणूनच — हा आमच्याकडचा निसर्गनियम. वाळू उपसून नदीत विहिरीएवढे खड्डे पडलेत, त्यांच्यावर भोवरे धरतात, हे मी आठवीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवायची. पण करयोगमला भोवरा नको होता, माणूस हवा होता.

सुकाणूवर शिवरामन होता. माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांनी लहान. आमची अम्मा शेतावर जायची तेव्हा माझ्या कडेवर वाढलेला. मागच्या टोकाला बसलेल्यांनी पाहिलं होतं की त्यानं सुकाणूचं वल्हं सोडलं आणि एकदम एका अंगाला झुकला. तोल गेल्यासारखा. नाव त्याच अंगाला गेली. मग मला विचारलं, मी सांगितलं — पहाटे घाटावर त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

त्याला विचारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "चेची म्हणते म्हणजे तसंच असेल."

चेची म्हणे! थोरल्या बहिणीचा केवढा मान! नाही म्हणायचीसुद्धा धमक नव्हती अंगात. नावेवर पाय ठेवायला कायमची बंदी झाली. तेव्हापासून दर शर्यतीला पलीकडच्या काठावर उभा असतो, खांद्यावर पंचा टाकून. तोंड लपवायचीही लाज नाही. त्याच्याशी मी तेव्हापासून एक शब्द बोलले नाही.

६ ऑगस्ट, रविवार

लेखाशी वाजलं. तिला कुणीतरी सांगितलं की गायला तोच येणार.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला अम्मावन हवेच होते."

अम्मावन! आमच्यात आईचा भाऊ म्हणजे घराचा खांब. बाळाला पहिला भाताचा घास त्यानं भरवायचा. माझी मुलगी नऊ वर्षं परदेशात राहून हे सगळं विसरेल असं वाटलं होतं. उलट तिथे राहून जास्तच आठवायला लागलंय. इकडची पोरं दोह्याला जातात आणि आजीपेक्षा म्हातारी होऊन परत येतात.

"ज्यानं तुझ्या बापाला बुडवलं, त्याच्या हातून तुझ्या बाळाला घास?"

"अम्मा, अम्मावनांनी कधी दारूला हात लावलेला मी तरी पाहिला नाही."

"तू तेरा वर्षांची होतीस."

"तेरा म्हणजे लहान नव्हते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तीन गेली माझी, अम्मा. हे चौथं आहे. तिथे त्यांनी काही मागितलं आणि आपण दिलं नाही, असं होऊ देऊ नकोस. एवढंच."

माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. तिचा आहे. म्हणजे पंचाईत माझीच.

९ ऑगस्ट, बुधवार

पाऊस. नदी पायऱ्यांना लागली. कामवाली तंकम्मा झाडता झाडता दामोदरनच्या फोटोला हार घालून म्हणाली, "आमचे सार किती सरळ माणूस होते हो!" तिला म्हटलं, हार वाकडा घातलायस.

१३ ऑगस्ट, रविवार

सजीशनं चौसष्ट पदार्थांचा तक्ता केलाय. रंगीत. हिरव्या रंगात भाज्या, पिवळ्यात पायसं, तांबड्यात 'ऐनवेळी मागितले जाण्याची शक्यता'. स्वयंपाक ठेकेदाराचा आहे, तो पंचवीस वर्षं हेच करतोय. त्याला हा तक्ता समजावून सांगत होता. ठेकेदार बिचारा 'बरं सार, बरं सार' म्हणत मान हलवत होता आणि आडून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

संध्याकाळी पलीकडे नावेच्या छपरात गाण्याची तालीम चालू होती. पाण्यावरून सगळं ऐकू येतं. टोळभैरव सगळे! अर्ध्यांना ताल नाही, अर्ध्यांना शब्द नाहीत. हाताच्या तळव्यावर लिहून आणलेले श्लोक घामानं पुसले म्हणून भांडत होते. एकाची पोपटपंची इतकी चुकीची की मी खिडकी लावणार होते.

तेवढ्यात त्यानं आवाज लावला. फाटलाय आता. वर चढत नाही. एकवीस वर्षं काठावर उभं राहून आणखी काय होणार? केळ्याचा, उसाचा, मधाचा, मग दह्याचा — क्रमानं सगळे श्लोक म्हणाला. एकही चुकला नाही. मी काही मोजत नव्हते.

खिडकी राहिली उघडीच.

१७ ऑगस्ट, गुरुवार

चिंगम लागला. नवं वर्ष. शेजारपाजारचे नव्या कपड्यांत शुभेच्छा द्यायला आले आणि लेखाच्या पोटाकडे बघून मुलगा की मुलगी यावर अक्कल पाजळून गेले.

तंकम्मानं विचारलं, कोनाड्यातली बरणी देवळात न्यायची का. खारातल्या कैरीची बरणी, आमच्या अम्माची. मेडम महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, अजूनही मीच घालते, पहिल्या पडलेल्या बाळकैऱ्या, देठासकट. खाणारं कुणी नाही. लेखाला सोसत नाही, सजीश 'रक्तदाब, रक्तदाब' करतो. घालते आपली. शिवरामन लहानपणी बरणीत हात घालून खार प्यायचा आणि अम्माचा मार मी खायची.

बरणी नेणार नाही म्हटलं. ठेकेदाराच्या चौसष्टांत खारातली कैरी आहेच. कारखान्याची.

१९ ऑगस्ट, शनिवार

व्रत. एक वेळ जेवण. सजीशनं दुपारी तीनलाच डोकं धरलं.

कैमळचा फोन — "टीचर, शिवरामन चेट्टन फक्त उद्यापुरते नावेवर येतील. शर्यतीला नाही. करयोगमची बैठक पुढच्या रविवारी आहे, तिथे तशी नोंद करू. उगाच पायंडा पडायला नको." काय न्याय! तोंडानं चेट्टन, म्हणजे दादा; घसा हवा, माणूस नको.

२० ऑगस्ट, रविवार

आजचं आजच लिहिते.

अकराला नाव आली. आधी गाणं आलं वळणावरून, मग ते उंच शेपूट दिसलं, छत्र्या, पांढरे पंचे. लेखा समई घेऊन घाटावर उभी. मी तिच्या मागे. नाव लागली तशी बायकांनी तोंडानं लांब आवाज काढला, ढोल वाजले, सजीशचा कॅमेरा डोक्यावर माशीसारखा घोंघावत होता. देवळाभोवती प्रदक्षिणा झाली. ध्वजस्तंभापुढे गाणं झालं. कैमळ सगळ्यांच्या पुढे, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखा. शिवरामन रांगेत मधे कुठेतरी. केस पांढरे झालेत. त्याला पलीकडच्या काठावर लांबूनच बघत आले होते; इतका म्हातारा झाला असेल असं वाटलं नव्हतं.

जेवणघरात पानं मांडली. बसले, आणि झालं सुरू! कोण उसाचं कांडं मागतो, कोण मध, कोण खडीसाखर. एक जाडा तर पायसावर पायस मागत सुटला. देव असला तरी त्याला मधुमेह असणार. श्लोक संपायच्या आत वाढपी धावत होते. सजीश तक्त्यावर खुणा करत होता. चाळिसाव्या पदार्थाला त्याच्या कपाळावरचा घाम तक्त्यावर पडला.

मग शिवरामन गायला. त्यानं खारातली कैरी मागितली. ठेकेदाराच्या माणसानं लगेच पानात वाढली. शिवरामननं पानाकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढची ओळ लावली —

पुत्तनवीट्टिलच्या कोनाड्यातली, अम्माच्या हातच्या बरणीतली, थोरल्या लेकीनं मीठ भरलेली, ती आण, यजमानीण, ती आण.

तीच ओळ शंभर तोंडांनी घोळवली. कुणालाच कळेना हा कुठला श्लोक. तो कुठलाच नव्हता, तिथल्या तिथे जुळवलेला होता; पुत्तनवीट्टिल हे आमच्या घराचं नाव. पण मागितलं ते मागितलं. कैमळ चेहरा पाडून पुटपुटला, "हे यादीत नाही, शिवरामन चेट्टा." शिवरामन मांडी घालून बसलेला, हात गुडघ्यावर, पानाकडे बघतोय.

लेखानं वळून माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे. दोन्ही हात पोटावर. घर सात किलोमीटर लांब.

माझ्या पिशवीत स्टीलचा लहान डबा होता. तीन कैऱ्या, वर थोडा खार. सकाळी का घातला ते मला विचारू नये. घातला.

मी पुढे गेले. गुडघे बोलतात माझे, जमिनीला हात टेकून त्याच्या पानापाशीच बसले. कैरी वाढली. त्यानं वर पाहिलं नाही. देठाला धरून तोंडात घातली, सबंध, लहानपणी घालायचा तशी, आणि चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारचा जाडा मूर्ख म्हणतो, "आंबट आहे वाटतं!" शिवरामन डोळे न पुसताच पुन्हा गायला लागला. यजमानाच्या घराला आशीर्वाद देण्याचा श्लोक. बाळाला, बाळाच्या आईला, आईच्या आईला.

लेखा रडली. सजीश रडला. मी पानं उचलायला सांगितलं.

निरोपाला पुन्हा घाटावर. सगळे नावेत चढले. तो शेवटी. पायरीवर थांबला, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि नदीकडे बघत म्हणाला, "चेची, मीठ कमी पडलंय यंदा."

"जीभ गेलीय तुझी," मी म्हटलं. एकवीस वर्षांतलं पहिलं वाक्य!

तो हसला. मग अगदी हळू म्हणाला, "लेखाला माहीत नाही. माझ्याकडून कधी कळणारही नाही. तू निर्धास्त राहा."

आणि नावेत चढला. काय माहीत नाही, ते इथे लिहायचं कारण नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

सजीशनं वरून घेतलेलं चित्रीकरण दाखवलं. तीन वेळा. नाव, छत्र्या, गर्दी. घाटाच्या पायरीवर दोन माणसं, हरभऱ्याएवढी. "हे कोण, ओळखा पाहू!" म्हणतो. याची हुशारी!

२४ ऑगस्ट, गुरुवार

लेखानं विचारलं, बाळाच्या पहिल्या घासाला अम्मावनांना सांगू ना? बघू म्हटलं. झोप नाही. अंगात कणकण. तंकम्मानं चुक्क्याची, सुंठीची कॉफी केली, कडूजहर. कुणाला साधी कॉफीही जमत नाही या गावात.

बाजारात कैमळ भेटला. "सगळं उत्तम पार पडलं टीचर! रविवारी बैठकीत चेट्टनची सूट रद्द केल्याची नोंद करून टाकतो. शर्यतीत काठावरून बघतील नेहमीसारखे."

नेहमीसारखे.

२६ ऑगस्ट, शनिवार

या वहीतही खोटंच लिहीत आले.

वास दामोदरनच्या तोंडाला होता. मी त्याला घरात शिव्या दिल्या, तोंड धुवायला लावलं, खायला पान दिलं आणि उशीर होत होता म्हणून पाठवून दिलं. नावेत तो मधेच उठून उभा राहिला आणि कलंडला. शिवरामननं सुकाणू सोडलं ते त्याला धरायला. करयोगमनं मला विचारलं तेव्हा दामोदरनचं नाव घेतलं असतं, तर देवाची नाव बुडवणाऱ्याची बायको झाले असते, आणि लेखा त्याची मुलगी. माझ्यावर उलटणार नाही असं गावात एकच माणूस होता. त्याचं नाव घेतलं.

लेखाला दुपारी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिला दारूचा वास आठवत होता.

उद्या दहाला बैठक आहे. बायका तिथे जात नाहीत. मी जाणार.